झिराडकरांचं मेडल आणि माझ्या बहिणीचा दगड

माझे मेहुणे अब्राहम झिराडकर लंडनच्या पूर्वेकडच्या इल्फर्डमध्ये सगळ्यांना माहीत आहेत आणि बहुतेकांना आवडतातही. आवडणारच. त्या लोकांच्या बहिणी काही त्यांना दिलेल्या नव्हत्या. माझी दिली होती, थोरली, एलिशेबा. म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क माझा आहे आणि तो मी गोडीगुलाबीने वापरणार नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे अलिबागकडचे मराठी ज्यू. गावावरून आडनाव, झिराडचे ते झिराडकर. लंडनच्या आसपास आम्ही मूठभर उरलोय, आणि घरात मराठी बोलणारे तर आता सगळे गुडघे धरून उठणारेच. पुढची पिढी मराठीत फक्त जेवणाचे पदार्थ आणि शिव्या ओळखते.

भावोजींचं ट्रॉफ्यांचं दुकान होतं. स्टेशनापासून थोडं आत, एका बाजूला नखं रंगवणाऱ्या बायका आणि दुसऱ्या बाजूला मोबाइल दुरुस्तीवाला. काचेत चकचकीत कप, लाकडी ढाली, रिबिनीत ओवलेली मेडलं. शाळेचा स्पोर्ट्स डे असो, पबमधली डार्ट्सची मॅच असो, नाहीतर कुठल्या तरी समाजाचा वार्षिक मेळावा असो, बक्षिसावरचं नाव भावोजींनी कोरलेलं. भायखळ्याला असताना ते डॉक्टर-वकिलांच्या पितळी पाट्या कोरायचे, तेव्हापासून हात चांगला. ते मी नाकारत नाही. पण जन्मभर दुसऱ्यांची नावं कोरून माणसाच्या डोक्यात काहीतरी बिघडत असावं. ज्याला ढाल मिळाली तो माणूस आणि ज्याला मिळाली नाही तो नुसता गर्दीतला, अशी त्यांची सरळ वाटणी होती. कोणाच्या मुलाचं लग्नासाठी नाव निघालं की भावोजी विचारायचे, "काय मिळवलंय त्याने?" पगाराबद्दल नव्हे. भिंतीवर टांगता येईल असं काय मिळवलंय, हा प्रश्न.

मी स्वतः कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत होते. पार्किंगच्या दंडाविरुद्ध लोक अपिलं करतात ती वाचायची आणि फेटाळायची, हे माझं काम. आजी अत्यवस्थ होती म्हणून गाडी पिवळ्या रेघांवर लावावी लागली, असं लिहिणाऱ्या माणसाची तीच आजी पुढच्या वर्षी पुन्हा अत्यवस्थ व्हायची. असली अपिलं वाचून वाचून माझं मन कडू झालं असं माझी भाची, एलिशेबाची टालिया म्हणते. असेल. पण खोटं मला वासावरून कळतं, आणि भावोजींचं खोटं मला फार पूर्वीच कळलं होतं.

एलिशेबा नर्स होती. म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात, बहुतेक रात्रपाळीला. ज्या वॉर्डातून आपल्या पायाने घरी जाणारे थोडे आणि झाकून नेले जाणारे जास्त, तो वॉर्ड. तिथे कुशी बदलायच्या, भरवायचं, पुसायचं, ओलं झालेलं बदलायचं, आणि मध्येच कोणी आईला हाका मारायला लागलं की आई होऊन "ओ" द्यायची. कोणी तिचा हात झिडकारायचे, सावळ्या हाताने पाणी नको म्हणायचे. ती ग्लास ठेवायची आणि थोड्या वेळाने परत यायची. तोपर्यंत तहान लागलेली असायची. हे सगळं ती मला भाजी निवडता निवडता सांगायची, तक्रार म्हणून नाही, आज बसला उशीर झाला म्हणून सांगावं तसं.

आणि भावोजी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे की माझी बायको मिडवाइफ आहे. अर्ध्या इल्फर्डची बाळंतपणं तिने केलीत. गिऱ्हाइकांचे चेहरे खुलायचे. कोणी म्हणायचं, अरे, मग माझाही जन्म त्यांच्याच हातून झाला असेल. भावोजी म्हणायचे, असेल, असेल, आणि त्याच्या कपावरचं नाव जरा जास्त वळणदार कोरायचे. मला हे कळलं तेव्हा मी तडक एलिशेबाकडे गेले. तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "सांगू दे गं. दुकानात आलेल्या माणसाला मरणाचं कोण सांगणार? बाळाचं ऐकलं की बरं वाटतं लोकांना." तिच्या जागी मी असते तर नवऱ्याला दुकानाच्या काचेत उभा करून त्याच्यावर खरं काय ते कोरलं असतं.

ती दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये गेली. रिटायर झाली होती, पण हॉस्पिटलातून फोन आला की माणसं कमी पडतायत, म्हणून पुन्हा ड्यूट्या करायला लागली होती. मग तीच आजारी पडली आणि त्याच हॉस्पिटलात गेली. एसेक्समधल्या ज्यू दफनभूमीत आम्ही चारपाच जण लांब लांब उभे होतो. टालिया तेव्हा एडिनबराला होती, तिने फोनवर पाहिलं. मातीवर नाव लिहिलेली एक प्लॅस्टिकची पट्टी खोचली आणि आम्ही घरी आलो.

आमच्यात वर्षाच्या आत कबरीवर दगड बसवतात. दगड बसला की माणसाचं सगळं रीतसर झालं, असं आम्ही मानतो. त्या दिवशी सगळे जमतात, प्रार्थना होते, मेलेल्याबद्दल दोन शब्द बोलले जातात. दफनाला बाकी कोणालाच येऊ दिलं नव्हतं, तेव्हा दगडाला तरी सगळे येतील, अशी माझी समजूत होती. वर्ष झालं. दगड नाही. मी विचारलं, तर भावोजी म्हणाले, जरा थांब, सेगुला, मोठं काहीतरी चाललंय.

मोठं काय चाललं होतं ते सांगते. कसल्याशा चॅरिटीच्या जेवणाला भावोजींनी सन्मानचिन्हं बनवून दिली होती आणि ती वाटायला एक खासदारबाई आल्या होत्या. आमच्या भागातल्या नव्हेत, लांब कुठल्या तरी समुद्रकिनाऱ्यावरच्या मतदारसंघातल्या. भावोजींनी त्यांना गाठून सांगितलं, माझी बायको, बॉम्बेची मराठी ज्यू, मिडवाइफ, कोविडमध्ये लोकांची सेवा करता करता गेली. बाईंचे डोळे लगेच भरले. ते डोळे जवळपास कॅमेरा असला की भरतात, हे मी नंतर त्यांच्या बऱ्याच व्हिडिओंत पाहिलं. त्यांनी भावोजींचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या की परदेशातून आलेल्या नर्सेस आणि मिडवाइव्हज यांच्यासाठी सरकारी मेडल काढावं असं बिल मी पार्लमेंटमध्ये आणते.

झालं. भावोजींच्या अंगात आलं. तीस-चाळीस वर्षं दुसऱ्यांना पत्र्याची मेडलं देणाऱ्या माणसाला खरं मेडल दिसलं, राणीच्या मुंडक्याचं. त्यांनी एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस बोलला की मेडल मंजूर झालं तर समाजाला मलिदा घालीन. आणि दगडवाल्याला जाऊन सांगून आले की बायकोच्या नावाखाली एक ओळ मोकळी ठेवायची, तिथे मेडलचं लिहायचंय, आणि ते मिळेपर्यंत दगड बसवायचा नाही. मेलेल्या बायकोला मातीत ताटकळत ठेवून तिच्यासाठी बक्षीस आणायला निघालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मी म्हटलं, आधी दगड बसवा, मेडल मिळालं तर मग कोरून घ्या. ते म्हणाले, "दगडावर मागाहून कोरलेलं ओळखू येतं, सेगुला. तुला त्यातलं कळत नाही." धंद्यातला माणूस पडला.

पुढच्या वर्षी बाईंनी बिल मांडलं. ह्या देशात साध्या खासदाराला दहा मिनिटं भाषण करून बिल मांडता येतं. मांडता येतं म्हणजे काय, तर भाषण करता येतं. टालिया तोपर्यंत लंडनला परत आली होती, सॉलिसिटरच्या ऑफिसात आहे ती, तिने मला नंतर समजावलं की ह्यातलं जवळजवळ एकही बिल कायदा होत नाही आणि हे मांडणाऱ्यालाही ठाऊक असतं. बापलेक गॅलरीत जाऊन बसले होते. मी घरी कॉम्प्युटरवर पाहत होते, चहाचा कप हातात. बाई उठल्या आणि म्हणाल्या की आज मी सभागृहाला एका स्त्रीची ओळख करून देणार आहे, एलिशेबा झिराडकर, जिने मिडवाइफ म्हणून इल्फर्डच्या हजारो बाळांना ह्या जगात आणलं. मी कप खाली ठेवला. माझ्या बहिणीचा सगळा जन्म त्या बाईने भलत्याच मजल्यावर नेऊन ठेवला आणि सभागृह माना डोलावत होतं.

भाषण संपल्यावर अध्यक्षांनी मत विचारलं. चारदोघे पुटपुटल्यासारखे "आय", म्हणजे हो, म्हणाले. "नो" कोणीच म्हणालं नाही. बाई दूर दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या, तिथून वाकत वाकत पुढे आल्या आणि एक कागद दिला. क्लार्कने बिलाचं नाव वाचलं. पहिलं वाचन झालं. त्या कागदावर काय होतं माहीत आहे? बिलाचं नाव. बस्स. आत बिलच नव्हतं, ते कोणी लिहिलेलंच नव्हतं. माझ्याकडे कोणी असं नुसत्या नावाचं अपील पाठवलं असतं तर मी त्याला दुप्पट दंड लावला असता.

पण भावोजींनी काय पाहिलं? पार्लमेंटने विचारलं, हो म्हणणारे हो म्हणाले, नाही म्हणणारा एकही नाही. म्हणजे पास! टालियाने ट्रेनमध्ये त्यांना सांगितलं, "पप्पा, हा फक्त फर्स्ट रीडिंग आहे. नथिंग हॅज बीन पास्ड." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरी पोचायच्या आत निम्म्या समाजाला फोन झाले होते. आणि लगेच नवस फेडायचा दिवस ठरला.

आता मलिदा म्हणजे काय ते आमच्या बाहेरच्यांना सांगायला हवं. गोड पोहे, त्यात खोबरं, वेलची, मनुका, वर फळं रचलेली, मध्ये गुलाबाची फुलं, आणि ते ताट पुढे ठेवून एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यायचं. घरात शुभकार्य असलं की करतात, आणि नवस पुरा झाला की करतात. पुरा झाला की, पुरा होईलसा वाटला की नव्हे. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी भावोजींना फोन करून तेच म्हटलं. ते म्हणाले, तुला नेहमी वाईटच दिसतं.

हॉल घेतला. सगळे आले, दफनाला येता आलं नव्हतं ते सगळे, चांगले कपडे घालून. समाजाच्या अध्यक्षांनी भाषण केलं की हा आपल्या सर्वांचा गौरव आहे. त्यांनी एलिशेबाला जिवंतपणी रस्त्यात तरी ओळखलं असतं की नाही, शंका आहे. खासदारबाईंचा व्हिडिओ दाखवला. त्यात त्या म्हणाल्या, हा एक प्रवास आहे. मलिदा खाणारं माणूस प्रवास वगैरे ऐकत नाही. टाळ्या झाल्या. ऐंशीएक माणसांत एकानेही विचारलं नाही की बाबा रे, मेडल कुठे आहे? दाखव की. मीही पोहे खाल्ले, दोनदा घेऊन, कारण चांगले झाले होते. भावोजी हॉलभर फिरत होते, छातीवर एलिशेबाच्या हॉस्पिटलच्या नावाचा बिल्ला लावून. ते मात्र मला बघवलं नाही. तो बिल्ला तिच्या युनिफॉर्मवर बरा दिसायचा.

त्यानंतर शुक्रवार सुरू झाले. असल्या बिलांचं दुसरं वाचन शुक्रवारी लागतं. भावोजी सूट घालून वेस्टमिन्स्टरला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. काय झालं विचारलं तर म्हणायचे, पुढचा शुक्रवार दिलाय. जसा काही डेंटिस्टने दिलाय. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, टालियाला रजा मिळेना, आणि म्हाताऱ्याला धरून न्यायला मी गेले. एकदाच गेले. पुरे झालं.

गॅलरी जाड काचेमागे. खाली हिरवे बाक, बहुतेक रिकामे. एक खासदार दुसऱ्याच कुठल्या बिलावर बोलत होता आणि बोलतच होता. बिलाशी त्याचं वैर नव्हतं, प्रेमही नव्हतं, घड्याळाचा काटा पुढे सरकावा म्हणून बोलत होता. तसं सरळ दिसत होतं, आणि कोणालाही त्याची लाज वाटत नव्हती. अडीच वाजले, चर्चेची वेळ संपली, तसा तो मध्येच थांबला. मग क्लार्क उरलेल्या बिलांची नावं वाचायला लागला, रेशनच्या रांगेत नावं पुकारावीत तशी. एक नाव वाचलं की समोरच्या बाकावर रेलून बसलेला एक माणूस म्हणायचा, "ऑब्जेक्ट." उठायचा नाही. मान वर करायचा नाही. तेवढ्या एका शब्दावर बिल अडायचं. पुढचं नाव, ऑब्जेक्ट. आमचं नाव आलं. परदेशातून आलेल्या नर्सेस आणि मिडवाइव्हजचं मेडल. ऑब्जेक्ट. आमच्या बाई तर आलेल्याच नव्हत्या. त्यांच्या वतीने कोणीतरी पुढची तारीख सांगितली, आणि क्लार्क पुढच्या बिलावर गेला. मला शिंक आली असती तर सगळं हुकलं असतं.

बाहेर आल्यावर मी दारावरच्या माणसाला विचारलं, तो कोण होता आणि त्याला नर्सेसचं काय वावडं आहे? तो बिचारा सभ्य होता. म्हणाला, मॅडम, काहीच वावडं नाही, सरकार पक्षाकडून सगळ्याच बिलांना तसं म्हणायची पद्धत आहे, मनाला लावून घेऊ नका. तिथे माझं डोकं फिरलं. कोणी उठून म्हणालं असतं की ह्या बायकांची लायकी नाही, तर भांडता तरी आलं असतं. इथे विरोधसुद्धा फुकटचा टाकलेला, जाता जाता केळ्याची साल टाकावी तसा.

भावोजी बाकावर बसून गुडघा चोळत होते. मी म्हटलं, भावोजी, संपलं हे. ते म्हणाले, "पेंडिंग आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलिदा झालाय, सेगुला. सगळ्यांनी खाल्लाय. आता नाही म्हणून कसं सांगू?"

तेव्हा मला उलगडलं. नवस आधीच फेडून बसले होते. न मिळालेल्या गोष्टीबद्दल एलियाहू हन्नाबीचे आभार मानून झाले होते, ऐंशी माणसांच्या साक्षीने. आता बिल मेलं असं मान्य करायचं म्हणजे समाजात तोंड काळं आणि वर देवाघरी खोटं. म्हणून ते बिल मरूच शकत नव्हतं. पेंडिंग राहणार होतं, आणि त्याच्याबरोबर माझी बहीण.

पुढच्या शरद ऋतूत पार्लमेंटचं सत्र संपलं. सत्र संपलं की अडकलेली सगळी बिलं आपोआप रद्द होतात. कोणाला मारावी लागत नाहीत. टालियाने बापाला छापील पान दाखवलं. बाईंच्या ऑफिसातून ईमेल आली की तुमच्या कळकळीबद्दल आभार. बाईंनी त्याच सुमारास आणखी एक बिल मांडलं होतं, त्यांच्या गावच्या समुद्रातल्या जुन्या धक्क्यासाठी पन्नास पेन्सचं नाणं काढावं म्हणून. तेही वाहून गेलं. टालिया म्हणते, नाण्यासाठी बिल लागतच नाही, तो निर्णय वेगळ्या रस्त्याने होतो. बाईंना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण रीतसर अर्ज केला तर दहा मिनिटांचं भाषण कुठे मिळतं? आणि ते कापून फेसबुकवर काय टाकणार?

मी भावोजींना सांगितलं की ह्या महिन्यात दगड ठरला नाही तर मी स्वतः बसवीन आणि समाजाला का ते सांगीन. टालियाही म्हणाली, "पप्पा, मम्मीला प्लॅस्टिकचा नाव आहे अजून. आय कान्ट गो देअर एनीमोर." ती पोर कबरीवर जायची बंद झाली होती, हे आम्हाला दोघांनाही त्या दिवशी कळलं.  भावोजी म्हणाले, ठीक आहे, जाऊ.

आम्ही तिघं दगडवाल्याकडे गेलो. एसेक्समध्ये रस्त्याला लागून त्याचं ऑफिस, बाहेर नमुन्याचे दगड उभे, आत टेबल आणि बिस्किटांची बशी. इंग्रज माणूस, सावकाश बोलणारा. त्याने विचारलं, मोकळ्या ओळीचं काय ठरलं? भावोजींनी खिशातून कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. सुंदर अक्षर, अर्थातच. वर नाव, तारखा, आणि खाली लिहिलेलं: मिडवाइफ. पार्लमेंटमध्ये गौरव.

मी म्हटलं, हे जाणार नाही.

"पार्लमेंटच्या रेकॉर्डला आहे," भावोजी म्हणाले. "तसंच छापलंय. जाऊन बघ."

"छापलंय कारण तुम्ही सांगितलंत. ती कुठल्या वॉर्डात होती, भावोजी?"

दगडवाल्याला मराठी कळत नव्हतं, पण त्याने पेन खाली ठेवलं. टालिया बापाकडे बघत राहिली. तिलाही हे कोणी कधी विचारू दिलं नव्हतं. भावोजींनी टेबलावरचा कागद सरळ केला. मग बोलले ते कागदाकडे बघत. लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी ती डबा विसरून गेली होती, तो द्यायला ते वॉर्डात गेले होते. पडदा अर्धा उघडा होता. एलिशेबा एका म्हाताऱ्याला पुसत होती, तो तिला घाणेरडं बोलत होता आणि ती त्याला, झालं हं, झालं, असं म्हणत होती. तिने मान वर केली, नवऱ्याला पाहिलं आणि हसली. भावोजी डबा टेबलावर ठेवून निघून आले. पुन्हा कधी त्या इमारतीत पाय ठेवला नाही. "दुसऱ्या दिवशी दुकानात कोणीतरी विचारलं, बायको काय करते," ते म्हणाले. "माझ्या तोंडून मिडवाइफ गेलं."

टालिया रडत होती. मी नाही रडले. मला एलिशेबाचं ते हसणं दिसत होतं, मान वर करून, नवरा डबा घेऊन आला म्हणून खूश झालेली. तिला वाटलं असेल, हा आता वॉर्डात सगळ्यांना भेटेल.

दगडवाल्याने हळूच विचारलं, मग काय लिहू? मी कागद आपल्याकडे ओढला, भावोजींची ओळ खोडली आणि तिच्याखाली एक शब्द लिहून त्याच्याकडे सरकवला. भावोजींनी वाकून वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच दुखावल्यासारखं आलं, जसा काही मी तिचा अपमान केला होता.

"नुसतं नर्स?" ते म्हणाले.

नर्सेसना मेडल द्या म्हणून हा माणूस दोन वर्षं पार्लमेंटच्या पायऱ्या झिजवत होता. त्या शुक्रवारी बाकावर रेलून ऑब्जेक्ट म्हणणाऱ्या माणसाला मी घरी येईपर्यंत शिव्या घातल्या होत्या. तो निदान तिचा कोणी लागत नव्हता.

मी दगडवाल्याला सांगितलं, नर्स लिहा, आणि खाली ओळ मोकळी ठेवू नका.